हुमणी : मुळाशी राहणारा शत्रू

श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास भुईमुगाच्या शेतात कधी कधी एक चमत्कारिक दृश्य दिसते. पाऊस पुरेसा झालेला असतो, जमिनीत ओल असते, खुरपणी वेळेवर झालेली असते. आणि तरीही हिरव्यागार तासात मध्येच चार-पाच झाडे मान टाकून उभी असतात. दोन दिवसांनी त्याच तासातील पुढची दोन झाडे सुकतात. शेतकऱ्याच्या मनात प्रथम मर रोगाची शंका येते. कोणी बियाण्याला दोष देतो, तर कोणी शेताला दृष्ट लागली असे म्हणून गप्प बसतो. परंतु सुकलेले झाड हाताने हलकेच ओढले, की ते विनासायास उपटून येते; कारण त्यास मुळेच राहिलेली नसतात. त्या जागी वीतभर माती उकरली असता चंद्रकोरीसारखी वाकलेली, पांढरट, गुबगुबीत व तपकिरी डोक्याची एक अळी सापडते. हीच हुमणी. मराठवाड्याच्या व विदर्भाच्या काही भागांत तिला उन्नी असेही म्हणतात.

ऊस, भुईमूग, ज्वारी, बाजरी, सोयाबीन, मिरची, हळद, आले अशा अनेक पिकांची मुळे ही अळी खाते. उसाच्या शेतात तिचा उपद्रव झाला असता आधी पाने पिवळी पडतात, मग बेटच्या बेट वाळते, आणि जोराचा वारा सुटला की मुळांचा आधार गेलेला ऊस आडवा होतो. नुकसान डोळ्यांना दिसते तेव्हा ते टाळण्याची उत्तम वेळ दोन-तीन महिने मागे पडलेली असते. या एका गोष्टीमुळे हुमणी हा विषय केवळ शेतकऱ्याचा न राहता शाळेचाही होतो. ज्या संध्याकाळी या किडीचा बंदोबस्त अत्यंत स्वस्तात होऊ शकतो, ती संध्याकाळ ओळखणारे कोणीतरी प्रत्येक घरी असावे लागते. आणि पाचवी ते सातवीच्या वर्गांतील मुले-मुली हे काम उत्तम प्रकारे करू शकतात.

पाठ केव्हा घ्यावा

या पाठाच्या बाबतीत शिक्षकांपुढे पहिली अडचण वेळापत्रकाची येते. हुमणीचे भुंगेरे जमिनीबाहेर पडतात ते वळवाच्या किंवा मृगाच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर, म्हणजे मेअखेर ते जून या काळात. त्या वेळी शाळा बहुधा बंद असते, अथवा नुकतीच उघडून प्रवेशाच्या व पुस्तकवाटपाच्या गडबडीत असते. पाठ्यपुस्तकातील कीटकांचा धडा येतो तोवर भुंगेऱ्यांनी अंडी घालून झालेली असतात. म्हणून या पाठाचा पूर्वार्ध एप्रिल महिन्यात, सुट्टी लागण्यापूर्वी घ्यावा. त्यात भुंगेऱ्याची ओळख, त्याची आवडती झाडे व पहिल्या पावसानंतर करावयाचे काम एवढेच सांगावे. उत्तरार्ध ऑगस्टमध्ये शेतावर घ्यावा. त्या वेळी अळी प्रत्यक्ष दाखविता येते, आणि एप्रिलमध्ये सांगितलेल्या गोष्टीचे महत्त्व मुलांस न सांगता पटते.

एप्रिलच्या पाठासाठी भुंगेरे मिळणे अशक्य नसते. कडुनिंबाच्या किंवा बाभळीच्या झाडाखाली, शेताच्या बांधालगत, खोल खणले असता मातीच्या लहानशा पोकळीत निश्चल बसलेला लालसर तपकिरी भुंगेरा कधी कधी मिळतो. न मिळाल्यास फळ्यावर रंगीत खडूने चित्र काढावे. मात्र मागील वर्षी जपून ठेवलेले चार सुके भुंगेरे काचेच्या बाटलीत शाळेत असतील, तर त्यांची सर कोणत्याही चित्रास येणार नाही.

कीटकाची ओळख

भुंगेरा सुमारे दोन सेंटिमीटर लांब असतो. त्याच्या पाठीवर दोन कठीण झाकणे दिसतात. हे त्याचे पुढचे पंख. उडण्याचे खरे पंख पातळ असून ते या झाकणांखाली घडी करून ठेवलेले असतात. मुलांना एक झाकण टाचणीने उचलून आतील पंख पाहू द्यावे. कठीण पंखांचा हा वर्ग कीटकांत फार मोठा आहे. धान्यातील सोंडे, शेणाच्या गोळ्या लोटणारे किडे, काजवे आणि माव्याचा फडशा पाडणारे ठिपकेदार ढालकिडे हे सर्व त्याच वर्गातले. त्यामुळे कठीण पाठीचा प्रत्येक किडा शत्रू नव्हे, ही गोष्ट आरंभीच स्पष्ट झाली पाहिजे. अन्यथा पाठ संपताच मुले दिसेल तो किडा चिरडू लागतात.

महाराष्ट्रात हुमणीच्या दोन जाती विशेष महत्त्वाच्या आहेत. एक माळावरची हुमणी, शास्त्रीय नाव होलोट्रिकिया सेराटा. ही हलक्या व मध्यम जमिनीत, माळरानालगतच्या शेतांत अधिक आढळते. दुसरी नदीकाठची हुमणी, शास्त्रीय नाव ल्युकोफोलिस लेपिडोफोरा. कृष्णा, वारणा, पंचगंगा या नद्यांच्या काठी, कोल्हापूर, सांगली व सातारा या जिल्ह्यांतील उसाच्या मळ्यांत हिचा त्रास होतो. या दोहोंमधील एक भेद कामाचा आहे. माळावरच्या हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी झाडांवर गोळा होतात, म्हणून ते झाड हलवून पकडता येतात. नदीकाठच्या हुमणीत झाडांवर जमण्याची सवय तितकी नाही. तेथे शेतातील प्रत्यक्ष अळ्या वेचणे व नांगरट यांवर अधिक भर द्यावा लागतो. शाळा कोणत्या भागात आहे हे पाहून शिक्षकाने पाठाचा रोख ठरवावा.

अळी ओळखण्यात मोठ्यांचीही नेहमी गफलत होते, म्हणून येथे थोडे थांबणे इष्ट आहे. उकिरड्यात किंवा शेणखताच्या खड्ड्यात अशाच पांढऱ्या, वाकलेल्या अळ्या विपुल सापडतात. त्यांना सरसकट हुमणी समजण्याची चाल आहे. वस्तुतः त्यांतील पुष्कळ अळ्या निराळ्या असतात. काही गेंड्या भुंग्याच्या असतात. हा भुंगा नारळाच्या शेंड्यात शिरून कोवळा कोंब पोखरतो, म्हणून कोकणात तो बागायतदारांच्या चांगल्या परिचयाचा आहे. परंतु त्याची अळी कुजलेल्या खतावर जगते, पिकाची जिवंत मुळे खात नाही. काही अळ्या फुलांवर बसणाऱ्या चकचकीत भुंगेऱ्यांच्या असतात, व त्याही कुजका पालापाचोळाच खातात. या शेवटच्या प्रकाराची परीक्षा अतिशय सोपी आहे. अळी सपाट फरशीवर किंवा पाटीवर ठेवावी. ती जर पाठीवर उलटी होऊन, पाय वर ठेवून, पाठीनेच सरकू लागली, तर ती हुमणी नव्हे. हुमणी कुशीवर वाकून पडते किंवा पायांच्या साहाय्याने धडपडत पुढे जाते. पाटीवर दोन्ही प्रकारच्या अळ्या शेजारी शेजारी ठेवून ही परीक्षा एकदा करून दाखविली, म्हणजे ती मुलांच्या कायमची लक्षात राहते. वर्गात भिंग असल्यास अळीच्या शेपटीकडील शेवटच्या भागाच्या खालच्या बाजूस असलेल्या बारीक केसांची रचना पाहावी. या केसांच्या ओळींवरूनच तज्ज्ञ जाती ओळखतात.

माती उकरताना आणखी एक अळी कधी कधी हाती लागते. ती मुळीच गुबगुबीत नसते. बारीक, लांब, कडक, चकचकीत, पिवळसर तपकिरी. जणू गंजलेल्या तारेचा तुकडाच. तिचा भुंगा लांबट व निमुळता असतो, आणि त्यास उताणे ठेवले असता तो ‘टक्’ असा आवाज करून हवेत उडी घेतो व बहुधा पायांवर पडतो. त्याच्या छातीच्या खालच्या बाजूस एक काटा असून तो मागील भागातील खाचेत अडकलेला असतो. शरीर ताणून तो काटा एकदम सोडला, की ही उडी बसते. पायांचा तिच्याशी काही संबंध नसतो. असा भुंगा मिळाल्यास मधल्या सुट्टीतही मुले त्यापासून हलत नाहीत, हा अनुभव येईल. या तारेसारख्या अळ्या बियाणे, मुळे व बटाटे पोखरतात. आपल्या देशात उत्तरेकडील डोंगराळ भागांत बटाट्यास त्यांचा उपद्रव होतो. युरोपात त्या शेतीच्या जुन्या वैरी असून तेथील काही जातींची अळी जमिनीत चार-पाच वर्षे राहते. १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले, तेव्हा इंग्लंडात अन्नधान्य वाढविण्यासाठी जुनी कुरणे नांगरण्यात आली. त्या कुरणांच्या मातीत वर्षानुवर्षे साठलेल्या या अळ्यांना गवताऐवजी गहू व बटाटा मिळाला, आणि कित्येक शेतांत पीक उगवताच नाहीसे होऊ लागले. तेव्हा कुरण नांगरण्यापूर्वी ठराविक मापाची माती काढून तीतील अळ्या मोजण्याची मोहीम तेथे हाती घेण्यात आली. एकरी दहा लाखांहून अधिक अळ्या निघाल्या, तर त्या शेतात धोका मोठा समजत. एका एकरात ४३,५६० चौरस फूट धरले, तर हे प्रमाण दर चौरस फुटास सुमारे २३ अळ्या इतके होते. हा भागाकार मुलांकडून करवून घ्यावा. मातीखालचा शत्रू दिसत नाही, तो मोजावा लागतो. हा मुद्दा हुमणीच्या बाबतीतही पुढे उपयोगी पडेल.

वर्षाचे चक्र

हुमणीची वर्षातून एकच पिढी होते. तिचे वर्ष पावसावर बसविलेले आहे, आणि ते शेतकऱ्याच्या पंचांगाशी जुळवून सांगितले तर मुलांस चटकन समजते.

रोहिणी किंवा मृग नक्षत्रातील पहिला दमदार पाऊस पडला, जमीन भिजली, की त्यानंतरच्या संध्याकाळी दिवेलागणीनंतर भुंगेरे जमिनीतून वर येतात. ते कडुनिंब, बाभूळ, बोर या झाडांवर गोळा होतात. तेथेच नर-माद्यांचे मीलन होते व रात्रभर ते पाला खातात. त्यांनी कुरतडलेल्या पानाची कड अर्धचंद्राकार कापल्यासारखी दिसते. उजाडण्यापूर्वी ते पुन्हा जमिनीत जातात. दिवसा झाडाखाली उभे राहणाऱ्यास एकही भुंगेरा दिसत नाही. दिसतात ती खाल्लेली पाने व खाली पडलेली लेंडकी. ‘आमच्या निंबावर काही नाही’ असे घरचे लोक म्हणतात ते दिवसा पाहिलेले असते म्हणून.

मादी ओलसर मातीत, सुमारे चार ते सहा बोटे खोल, एकेक करून अंडी घालते. एका मादीची अंडी साधारण ५० ते ६० भरतात. अंडे पांढरे असून प्रथम लांबट व नंतर गोलसर होते. बहुधा दोन आठवड्यांच्या आत-बाहेर त्यातून अळी निघते. सुरुवातीस ही अळी इतकी लहान असते, की ती मातीतील कुजके पदार्थ व बारीक तंतुमुळे यांवर भागविते. ती दोन वेळा कात टाकून तिसऱ्या अवस्थेत जाते, आणि मग तिची खरी भूक सुरू होते. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत पिकाचे जे मोठे नुकसान होते ते या तिसऱ्या अवस्थेतील अळीकडून. जातीप्रमाणे व जमिनीच्या ओलीप्रमाणे अळीची अवस्था पाच ते नऊ महिने चालते.

पावसाळा संपून जमीन सुकू लागली, की अळी खोल जाते, मातीची कोठडी करते व तीत कोष बनते. तीन-चार आठवड्यांनी कोषातून भुंगेरा निघतो. मात्र तो बाहेर येत नाही. सारा हिवाळा व उन्हाळा तो त्याच कोठडीत, काही न खाता, बसून राहतो आणि पावसाची वाट पाहतो. पंख फुटलेले असूनही कित्येक महिने न उडणारा हा कीटक मुलांच्या कल्पनेस विशेष चेतना देतो. चक्राचे चित्र काढताना हा काळ पुष्कळदा गाळला जातो. तो अवश्य दाखवावा. मार्च-एप्रिलमध्ये नांगरट केली असता काही भुंगेरे फाळाखालीच राहतात, त्याचे कारण हे खोल जाणे होय.

पहिल्या पावसानंतरची संध्याकाळ

सर्व उपायांत भुंगेरे गोळा करून नष्ट करणे हा उपाय सर्वांत स्वस्त व परिणामकारक आहे, परंतु तो अंडी घालण्यापूर्वी झाला तरच. त्याची उपयुक्तता मुलांस अंकगणितानेच पटवावी. वर्गात ४० मुले आहेत. प्रत्येकाने पहिल्या दोन-तीन संध्याकाळी मिळून २५ भुंगेरे गोळा केले. एकूण १,००० झाले. त्यांत निम्म्या माद्या धरल्या तर ५००, आणि प्रत्येक मादीची ५० अंडी धरली तर २५,००० अंडी शेतात पडण्याचे टळले. प्रत्येक अंड्यातून अळी निघून ती जगतेच असे नाही, हे सांगून ठेवावे. तरीही आकडा बोलका आहे. हेच भुंगेरे पंधरवड्याने पकडले, तर पुष्कळ माद्यांची अंडी तोवर जमिनीत गेलेली असतात, आणि श्रम तेवढेच पडूनही हाती फारसे लागत नाही.

कामाची रीत अशी. झाडाखाली जुने धोतर, चादर किंवा गोणपाट पसरावे. लांब काठीस आकडी बांधून फांद्या जोराने हलवाव्यात. खाली पडलेले भुंगेरे वेचून रॉकेल मिसळलेल्या पाण्याच्या बादलीत टाकावेत. गावात कोणत्या झाडांवर ते विशेष जमतात याची यादी मुलांनी एप्रिलमध्येच करून ठेवावी. एका झाडावर एका रात्री सरासरी वीस किंवा अधिक भुंगेरे दिसणे हा त्या परिसरात उपाय करण्याची वेळ आल्याचा संकेत मानला जातो. एकाच घरच्या झाडावरील भुंगेरे वेचून विशेष लाभ होत नाही, कारण भुंगेरे शेजारच्या झाडावरून येतात. सारा गाव, आणि शक्य तर शेजारची गावेही, त्याच संध्याकाळी बाहेर पडली पाहिजेत. सुट्टीच्या दिवसांत मुलांस एकत्र आणणे शिक्षकास कठीण असते. म्हणून एप्रिलमध्येच ग्रामपंचायतीशी बोलून ठेवावे व ‘पहिल्या पावसानंतरची पहिली संध्याकाळ’ एवढाच निरोप ठरवावा. तारीख ठरविण्याचा आग्रह धरू नये. भुंगेरे तारखेवर येत नाहीत.

या कामात मुलांच्या सुरक्षिततेकडे कानाडोळा होता कामा नये. पहिल्या पावसानंतर बिळांत पाणी शिरून साप-विंचू बाहेर येतात. प्रत्येक टोळीबरोबर वडीलधारे माणूस व विजेरी असावी. पायात जोडे असावेत. झाडावर कोणी चढू नये. वीज कडाडत असेल तर त्या दिवशी झाडाखाली जाऊच नये. रॉकेलची बादली मोठ्या माणसानेच सांभाळावी. भुंगेरा मनुष्यास दंश करीत नाही, तेव्हा भिण्याचे कारण नाही. काम झाल्यावर हात साबणाने धुतले म्हणजे पुरे. भुंगेऱ्याच्या पायास दोरा बांधून त्यास फिरविण्याचा खेळ मुले खेळतात. पिकाच्या रक्षणासाठी कीड मारणे वेगळे व करमणुकीसाठी जीव छळणे वेगळे, एवढे सांगून तो खेळ थांबवावा.

दिव्याकडे भुंगेरे ओढले जातात, म्हणून प्रकाशसापळेही लावतात. दिव्याखाली रॉकेलमिश्रित पाण्याचे पसरट भांडे ठेवले, की सापळा तयार होतो. परंतु दिव्यास शत्रू-मित्र कळत नाही. त्यावर उपयोगी कीटकही येऊन मरतात. भुंगेरे बाहेर येण्याच्या वेळेपुरता, म्हणजे साधारण साडेसात ते नऊपर्यंत, दिवा लावून नंतर तो मालवावा. सकाळी भांड्यात काय काय पडले ते मुलांनी निवडून मोजावे.

शेतातील उपाय आणि जुन्या पुस्तिका

पीक निघताच खोल नांगरट केल्याने अळ्या व कोष उघड्यावर येतात. नांगरामागून बगळे, कावळे व साळुंक्या चालताना कोणी पाहिले नाही असे मूल खेड्यात विरळाच. ते पक्षी काय वेचतात हे मात्र बहुतेकांनी जवळ जाऊन पाहिलेले नसते. ऑगस्टमधील शेतफेरीत शक्य झाल्यास हे दाखवावे. नांगरामागून माणसांनीही अळ्या वेचल्या तर उत्तमच. हुमणी लागलेल्या उसाचा खोडवा ठेवू नये, कारण त्या शेतात नांगरट होत नाही व किडीस आयती वस्ती मिळते. शेणखत पूर्ण कुजलेलेच घालावे.

येथे शिक्षकांनी एका बाबीकडे विशेष लक्ष द्यावे. शाळेच्या कपाटात शेतीविषयक जुन्या पुस्तिका असतात, आणि त्यांत हुमणीसाठी बी. एच. सी. पूड जमिनीत मिसळण्याची शिफारस ठळक अक्षरांत आढळते. त्या काळी ती सर्वमान्य होती. परंतु हे विष जमिनीत दीर्घकाळ टिकते व अन्नातून प्राण्यांच्या आणि माणसांच्या शरीरात साठते, म्हणून भारतात १९९७ सालापासून त्यावर बंदी आहे. फोरेट नावाचे दाणेदार विषही उसासाठी पुष्कळ वापरले जाई. त्याचा वापर २०२० साल संपताना बंद करण्यात आला. पुस्तिका फेकून देण्याचे कारण नाही, कारण त्यांतील किडीचे वर्णन बहुधा अचूक असते. मात्र औषधाच्या पानावर लाल शाईने बंदीचे वर्ष लिहून ठेवावे. आज कोणते औषध वापरावे हे शाळेने सांगू नये. त्यासाठी शेतकऱ्यास कृषी सहायकाकडे किंवा कृषी विद्यापीठाच्या जवळच्या केंद्राकडे पाठवावे. विद्यार्थ्यांच्या हाती कोणतेही कीटकनाशक किंवा त्याचा रिकामा डबा देऊ नये, हे सांगणे न लगे.

विषाशिवाय एक उपाय मात्र वर्गात सविस्तर सांगण्यासारखा आहे. मातीत राहणारी मेटारायझियम नावाची एक बुरशी कीटकांच्या अंगावर रुजते, त्वचा भेदून आत शिरते व त्यांना मारते. मेलेली अळी कडक होते, तिच्यावर प्रथम पांढरी व नंतर हिरवट पूड दिसू लागते. ही बुरशी १८७९ साली रशियन शास्त्रज्ञ इल्या मेच्निकोव यांनी ओडेशाच्या परिसरात गव्हाचा नाश करणाऱ्या अ‍ॅनिसोप्लिया नावाच्या भुंगेऱ्यावर अभ्यासली, आणि बुरशीच्या नावाचा उत्तरार्ध, ‘अ‍ॅनिसोप्ली’, त्या भुंगेऱ्यावरूनच आला. शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी १९०८ साली नोबेल पारितोषिकाचा बहुमान मिळालेले ते हेच मेच्निकोव. आज ही बुरशी कुजलेल्या शेणखतात मिसळून, जमिनीत ओल असताना, शेतात घालतात. कोरड्या व तापलेल्या मातीत ती टिकत नाही. शेतफेरीत हिरवट पूड चढलेली कडक अळी सापडली, तर ती कागदात गुंडाळून वर्गात आणावी. असा नमुना विकत मिळत नाही.

मोजणी

उसाच्या शेतात दर घनमीटर मातीत एक अळी आढळली, तरी उपाय सुरू करावा असा संकेत आहे. एक घनमीटर खड्डा खणणे मुलांस अशक्य व पिकास घातक. म्हणून ५० सेंटिमीटर लांब, ५० सेंटिमीटर रुंद व २० सेंटिमीटर खोल असे लहान खड्डे घ्यावेत. अशा एका खड्ड्याचे घनफळ ०.०५ घनमीटर, म्हणजे २० खड्ड्यांचे मिळून एक घनमीटर. घनफळाचे उदाहरण पुस्तकातील टाकीवर करण्यापेक्षा येथे करणे अधिक बरे. खड्डे सलग न घेता शेताच्या निरनिराळ्या भागांत, मालकाच्या संमतीने व पिकाची मुळे सांभाळून घ्यावेत. माती गोणपाटावर पसरून बोटांनी फोडावी, अळ्या मोजाव्यात व माती परत भरावी. वीस खड्डे एका दिवसात होत नाहीत. पाच-पाच खड्डे चार दिवशी घेतले तरी चालते; मात्र आकडे लगेच लिहावेत.

वर्गातील कुंड्या

अळीचे पालन शाळेत सहज करता येते. पाच-सहा मातीच्या कुंड्या घेऊन त्यांत चाळलेली ओलसर माती व थोडे कुजलेले शेणखत भरावे. प्रत्येक कुंडीत एकच अळी ठेवावी. एकत्र ठेवल्यास त्या परस्परांस चावून मारतात. कुंडीत ज्वारीचे चार दाणे पेरावेत, म्हणजे अळीस कोवळी मुळे मिळतात. एका कुंडीत अळी न ठेवता नुसती ज्वारी पेरावी. दोन कुंड्यांतील रोपांत पडणारा फरक मुलांनी स्वतः पाहावा. त्यावर शिक्षकाने काही बोलण्याची गरज राहत नाही. अळीस वरचेवर उकरून पाहण्याचा मोह मुलांस आवरत नाही, आणि त्यामुळे पहिल्या वर्षी निम्म्या अळ्या तरी मरतात. पंधरा दिवसांतून एकदाच उकरावे असा नियम करून तो पाळावा.

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी कुंड्यांना पाणी देण्याचे काम कोणाकडे राहील ते ठरवावे. सुट्टीनंतर कोष तयार झालेले आढळण्याचा संभव असतो. कोष हाताळू नयेत. पुढे भुंगेरे निघाल्यावर दोन कुंड्या कोरड्या ठेवाव्यात व दोन कुंड्यांवर एप्रिलमध्ये एखाद्या संध्याकाळी पाऊस पडल्याप्रमाणे भरपूर पाणी शिंपडावे. तोंडावर जाळीचे कापड बांधावे. काय घडते ते मुलांनी आठ दिवस रोज संध्याकाळी पाहून लिहावे. प्रयोग संपताच सर्व भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाकावेत. शाळेने पाळलेले भुंगेरे गावच्या निंबावर जाऊन बसले, असे होऊ नये.

या सर्वांची एक वही असावी. तीत पहिल्या पावसाची तारीख, पहिला भुंगेरा दिसल्याची तारीख व झाड, गोळा केलेल्या भुंगेऱ्यांची संख्या, मोजणीतील अळ्यांची संख्या, आणि ज्या शेतांत पीक वाळले त्यांचे गट क्रमांक एवढ्याच नोंदी पुरेत. एका वर्षाच्या नोंदीवरून फारसे कळत नाही. चार-पाच वर्षांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या, की कोणत्या शिवारात कीड मुक्काम ठोकून आहे ते दिसू लागते. शिक्षकाची बदली झाल्यास कार्यभार देताना हजेरीपटाबरोबर ही वहीही पुढील शिक्षकाच्या स्वाधीन करावी, आणि शेवटच्या पानावर गावातील त्या झाडांची यादी असावी, ज्यांच्याखाली पहिल्या पावसानंतर चादर पसरावयाची आहे.